टॉवेलामागे चौऱ्याहत्तर

अशोक चौकाच्या मागे, पत्र्याच्या शेडात
जुना रॅपियर माग उतरवला त्या रात्री
नायनांनी वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहिला:
चार लाख ऐंशी हजार.
शेजारी हळदीचं बोट उमटलंय.
अम्माच्या पाटल्या त्या आकड्यात आहेत,
वेगळ्या मांडलेल्या नाहीत.

त्या रात्री टॉवेल शून्य होते.
शून्यानं भागायचं नसतं,
म्हणून त्या रात्रीचा भाव
कुठल्याच वहीत नाही.

सकाळी पहिला नग निघाला.
मी बारावीत होते, आगाऊ होते.
म्हटलं, नायना, तोंड पुसू नका,
हा चार लाख ऐंशी हजार चौऱ्याहत्तरचा आहे.
त्यांनी पुसलं.
वर म्हणाले, पाणी शोषत नाही अजून.

चौऱ्याहत्तर म्हणजे
सूत शेहेचाळीस, रंग नऊ, वीज आठ,
आठ मागावरच्या इरेशला,
दीड पॅकिंगचे,
आणि दीड लचमव्वाला, टोकांच्या गाठींचे.
हे दर नगाला, न चुकता.
चार लाख ऐंशी मात्र एकदाच,
आणि ते सगळ्यांत वाटून घ्यायचे,
घरात एकच आंबा असावा तसे.

हजार झाले: पाचशे चौपन्न.
दहा हजार: एकशे बावीस.
लाख व्हायला तीन उन्हाळे गेले,
पत्रा इतका तापायचा की इरेश
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन उभा राही.
लाखाला अठ्ठ्याहत्तर ऐंशी.

मी आलेखाच्या कागदावर वक्र काढला.
जिन्यावरून पाय सुटावा तसा आधी,
मग दमत, सावरत, आडवा होत जाणारा.
चौऱ्याहत्तरवर तुटक रेघ मारली.
पुस्तक तिला अनंतस्पर्शी म्हणतं.
ज्यानं हा शब्द घडवला
तो स्वभावानं आशावादी असावा.
वक्र जवळ जातो. टेकत नाही.

‘काय काढालीस गं?’ नायनांनी विचारलं.
दाखवलं. चष्मा वर करून बघत राहिले.
‘दहा लाखाला किती?’
चौऱ्याहत्तर अठ्ठेचाळीस.
‘दहा लाखाला सत्तावीस वर्षं लागतील,’ म्हणाले,
‘तवर हा माग भंगारात, आणि मी बी.’
माझ्या पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नव्हतं,
तिथं बाण लावून वक्र पानाबाहेर जातो.

मग नव्या पेठेतले बोमड्याल शेठ आले.
चहा बशीत ओतत म्हणाले,
चौऱ्याहत्तरला द्या. माल वाढवा की,
जितका जास्त तितका स्वस्त.
नायनांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
‘खाली येतो, शेठ,
पण त्या रेघेच्या खाली येत नाही.’
‘मग रेघच आणा खाली,’ शेठ म्हणाले.
‘गाठींना दीड कशाला? रुपया द्या.’

चहा संपेपर्यंत कुणी बोललं नाही.
पलीकडे खटक् खटक् चालू होतं.
मला माहीत होतं, आठ आण्यांनी
अख्खी रेघ सरकते, वक्रासकट,
टोकापासून टोकापर्यंत, कायमची.
गणितात त्याला फक्त स्थानांतर म्हणतात.

दारात लचमव्वा बसली होती
पाय पसरून, मांडीवर ढीग.
तिचा आलेख काढायचं मला कधी सुचलंच नव्हतं.
तिच्याकडे वाटून घ्यायला मोठा आकडा नाही.
पहिल्या टॉवेलाला दीड, लाखाव्याला दीड.
आमचा वक्र तीन वर्षं जिकडे धावतोय
तशीच एक सपाट रेघ घेऊन
ती पहिल्या दिवसापासून बसलेली.

शेठच्या गाडीचा आवाज विरला.
नायनांनी वही उघडली, पेन्सिल शोधली,
दीडवर टोक टेकवलं
आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

‘अव्वा,’ मी हाक मारली, ‘आज किती झाले?’
‘मोजताना बोलू नको गं,’
ती म्हणाली, ‘पुन्हा पहिल्यापासनं मोजावं लागतंय.’